फ्रिजचा षड्ज

गिटार जुळवताना माझा नवरा डावा कान फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला लावतो. आधी कान, मग डोळे मिटणं, मग तिसऱ्या तारेची खुंटी अगदी किंचित, किल्लीच्या घड्याळाला शेवटचा पीळ देतात तितकीच, फिरवणं. फ्रिज त्या वेळी मुका असेल तर तो थांबतो. फ्रिज पुन्हा घुमू लागेपर्यंत पत्र्यावर गाल टेकून शांत उभा राहतो. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले आहे, आणि इतकी वर्षं माझी समजूत अशी होती की त्याला तिथे गार वाटतं.

फ्रिजची बाजू गार नसते, कोमट असते. हे मला पक्कं माहीत आहे. मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानातले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, कापडवाल्यांचे मीटर खरे आहेत की नाहीत ते तपासायचं आणि खोटे निघाले तर तसं स्पष्ट लिहून द्यायचं, यासाठी मला पगार मिळतो. एखादी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत असेल तर तिचं कारण विचारावं, एवढं शास्त्र मला यायला हरकत नव्हती. पण आपलं माणूस फ्रिजला गाल लावून उभं असलं की त्याला कारण विचारावंसं वाटत नाही. बिचारा दमला असेल, असं वाटतं.

माझा नवरा पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहे. दिवसभर तो लोकांचे फोन घेतो आणि पाणी का आलं नाही ते त्यांना समजावून सांगतो. या वर्षी त्याने जाहीर केलं की तो अल्बम करणार आहे.

"रॉक अल्बम," तो जेवताना म्हणाला. "जुन्या पद्धतीचा. पहिल्या गाण्यात गोष्ट सुरू होते आणि शेवटच्या गाण्यात संपते. मागे अख्खा ऑर्केस्ट्रा."

"गोष्ट कसली?" मी विचारलं.

"पाण्याची. धरणातून निघतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या नळापर्यंत. अल्बमचं नाव, 'कमी दाबाने'."

सासूबाईंनी घास हातातच थांबवला. "ऑफिसात तेच आणि घरी तेच. निदान गाण्यात तरी दुसरं काही घे रे. चांदणं वगैरे."

"आई, चांदण्यावर सगळ्यांनी करून झालंय. गळतीवर कोणी केलेलं नाही."

हे खरं होतं. सासूबाईंनी घास तोंडात घातला.

त्याच्या वाद्यवृंदात तिघं. गिटारवर तो स्वतः. ड्रमवर त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर. बेस गिटारवर माझा धाकटा भाऊ, जो जुनी टेप-यंत्रं दुरुस्त करतो आणि त्यामुळे ध्वनिमुद्रणही त्याच्याच गळ्यात पडलं. ध्वनिमुद्रण संगणकावर करायचं नाही, मोठ्या चकत्यांच्या टेपवरच करायचं, हा नवऱ्याचा हट्ट. जागा म्हणजे डॉक्टरचा दवाखाना, सुट्टीच्या दिवशी. रुग्णाच्या खुर्चीभोवती ड्रम मांडले जात, गिटारचा स्पीकर हात धुण्याच्या बेसिनखाली बसे, आणि मी त्या खुर्चीत आडवी होऊन कानाला हेडफोन लावून गात असे. दुसरी बसायला जागाच नव्हती.

मी का गात असे, हे सांगायला हवं, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

गाणी नवऱ्याची. शब्द त्याचे, चाली त्याच्या, आणि गाणार तोच, असं त्याच्या मनात होतं. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याचा आवाज खालच्या सुरांत चांगला आहे, उबदार आहे. वर जायला लागला की मात्र तो पोहोचत नाही. थोडक्यात राहतो, दर वेळी सारखाच. डॉक्टर म्हणाला होता, "वहिनी, वरच्या सुरात त्याचं असं होतं, की जणू मी जबडा बधिर केलाय आणि तो बोलायचा प्रयत्न करतोय." हे नवऱ्याच्या मागे. समोर डॉक्टर म्हणायचा, "वा!"

"तुम्ही सांगा ना त्याला," मी डॉक्टरला म्हटलं. "तुमचं रोजचं कामच माणसांना दुखवायचं."

"मी आधी इंजेक्शन देतो, वहिनी. याला कुठलं देऊ? तुम्ही सांगा. तुमचा नवरा आहे."

"तुमचा मित्र आहे."

"ताई," माझा भाऊ वायरी गुंडाळत म्हणाला, "भाऊजींना सांगायचंच असेल तर टेप संपल्यावर सांग. टेप महाग आहे."

तेव्हा नवऱ्यानेच, नकळत, तोडगा काढला. "आवाज शेवटी घालू. आत्ता नुसत्या खुणेसाठी, वाजवताना ओळ कळावी म्हणून, कोणीतरी गा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू गा. अंदाजे गायलीस तरी चालेल."

मला अंदाजे काही करता येत नाही. मी लहानपणी थोडं गाणं शिकले आहे, पुढे रसायनं आणि तराजू आले. मी प्रत्येक गाणं घरी पाठ केलं, नीट म्हटलं, आणि खुर्चीत आडवी होऊन वर दिव्याकडे बघत गायले. शेवटच्या गाण्यात तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी वाट बघत बसलेलं आहे: "नळ उघडा ठेवलाय मी, आधी येते नुसती हवा." ती 'हवा' वरच्या सुरावर आहे आणि तिथे बराच वेळ थांबायचं आहे. पहिल्यांदा ती जमली तेव्हा डॉक्टरने ड्रमवरची काठी खाली ठेवली आणि भावाने टेप बंद करायला उशीर केला. नवरा म्हणाला, "हां, खूण बरोबर आहे."

मी पुढच्या सुट्टीची वाट बघू लागले. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग लक्षात आलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. त्याचं गाणं मला हवंसं वाटत होतं आणि ते त्याचं होतं. बस्स, इतकंच. वजनमापात याला शब्द नाही.

टेप भरत गेली. आता ऑर्केस्ट्रा हवा होता.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून सल्ला दिला. "ऑर्केस्ट्रा कशाला जमवता? माझ्या भाच्याकडे पेटी आहे. एक बटण दाबलं की व्हायोलिनं, दुसरं दाबलं की ढोल, तिसरं दाबलं की टाळ्या."

"टाळ्या नकोत," नवरा म्हणाला.

"असू द्या. उपयोगी पडतील."

नवरा दुखावला तो संध्याकाळपर्यंत तसाच होता. पण त्यामुळे तो पेटून उठला आणि थेट व्हायोलिनच्या बाईंकडे गेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. हौशी लोकांचा एक वाद्यवृंद चालवत आणि तो नगराच्या सभागृहात सराव करी. बाई कमी बोलत आणि जे बोलत ते प्रत्येकाला आपल्यालाच उद्देशून वाटे. त्यांनी गाण्यांचे शब्द वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "हे 'कमी दाबाने' म्हणजे आमच्याकडे येतं तेच पाणी का?"

नवरा बावरला. "तुमच्या भागात काम सुरू आहे—"

"मी तक्रार करत नाही. मी भोगलेलं आहे, म्हणून वाजवेन."

पहिल्या सरावाचा दिवस. मंचावर बाईंची माणसं: व्हायोलिनवाल्या मुली आणि गृहिणी, सेलोवर एक टपाल कारकून, आणि औषधांच्या दुकानाचे मालक ओबो घेऊन. ओबो हे सनईच्या शहरी चुलतभावासारखं वाद्य आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सगळे आपापली वाद्यं त्याच्या सुरावर लावतात, म्हणून ओबोवाला माणूस नेहमी थोडा ताठ बसतो. भावाने टेप सुरू केली. स्पीकरमधून गिटार आली, ड्रम आले, बाईंनी हात उचलला आणि ऑर्केस्ट्रा आत शिरला.

ते कसं वाटलं, हे सांगणं अवघड आहे. दोन सुंदर गोष्टी एकमेकींवर घासत होत्या. दात शिवशिवले. डॉक्टरने सवयीने गाल धरला.

बाईंनी हात खाली घेतला. सगळ्या वाद्यवृंदाने ओबोवाल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" औषधवाले म्हणाले. "मी बरोबर आहे. माझं चुकतं तेव्हा मला कळतं."

"मग काय टेप चुकली?" नवरा म्हणाला. तो हसला. कोणी हसलं नाही.

मी प्रयोगशाळेतून कंपनं मोजणारं यंत्र सही करून आणलेलं होतं. कामात कुठे उपयोग होईल म्हणून नव्हे. ते जवळ असलं की मला बरं वाटतं. मी मोजलं. ऑर्केस्ट्रा जिथे असायला हवा तिथेच होता. आमची टेप मात्र वर चढलेली होती, साधारण अर्ध्या सुराच्या तिसऱ्या भागाने. एवढं अंतर कागदावर क्षुल्लक दिसतं. कानाला ते बुटातल्या खड्यासारखं लागतं.

आणि गंमत अशी की गिटार, बेस आणि माझा आवाज, तिन्ही अगदी सारखेच वर होते. कुठेही मागेपुढे नाही. आमच्या शास्त्रात अशा चुकीला फार मान आहे. इकडेतिकडे चुकणाऱ्याला आम्ही बेशिस्त म्हणतो. सगळे एकाच दिशेला, एकाच मापाने चुकले तर मात्र कुठेतरी एक कारण बसलेलं असतं आणि ते सापडतं. माझा उत्साह इतका वाढला की मी नवऱ्याला भर सभागृहात विचारलं, "तू गिटार कशाला लावतोस?"

"कशाला म्हणजे?"

"सूर कशावरून घेतोस?"

"फ्रिजवरून," तो म्हणाला, जणू जगात सगळेच तिथून घेतात. "घरी असलो तर घरच्या. दवाखान्यात असलो तर डॉक्टरच्या. कॉलेजात असल्यापासून. फ्रिज कधी चुकत नाही."

मला डोळ्यांसमोर तो पत्र्याला टेकलेला गाल दिसला, आणि माझी सगळी वर्षं, सगळं शिक्षण आणि 'त्याला गार वाटतं' ही माझी समजूत एका रांगेत उभी राहिली. मी खाली बसले.

खरं तर तो म्हणत होता ते बरोबर होतं. फ्रिज चुकत नाही. विजेच्या लहरींची जी गती असते तिच्या दुपटीने तो घुमतो, आणि वीज सगळ्या शहरात सारखीच. पण ती गती वीज खात्याने ठरवली आहे, संगीतकारांना विचारून नाही. ती एका सुराच्या जवळ येते आणि जरा वर राहते. अर्थात त्या वर राहण्यावर आमचा अख्खा अल्बम उभा होता.

"काही नाही हो," भाऊ म्हणाला. "टेप थोडी हळू चालवली की खाली येईल. सहज होईल."

"हळू?" नवऱ्याचा आवाज चढला. "अल्बमचं नाव 'कमी दाबाने' आहे. आधीच पाणी पोहोचत नाहीये, त्यात तू आणखी हळू करतोस? आणि माझी 'गळती' गाण्यातली गिटार? ती मी या वयात त्या वेगाने पुन्हा वाजवू शकणार नाही. ती हळू झाली तर लोकांना वाटेल मी मुळातच हळू वाजवतो."

भावाने संगणकावर घेऊन नुसता सूर उतरवून पाहिला. झांजा बादलीत पडलेल्या चमच्यांसारख्या वाजल्या. बाईंनी तेवढं ऐकून हात वर केला. "आम्ही चढतो," त्या म्हणाल्या. "तारा ताणता येतात. ओबोची जिव्हाळी, म्हणजे फुंकायची पत्ती, कापून थोडी आखूड करता येईल."

"माझी जिव्हाळी?" औषधवाले म्हणाले.

"तुमचीच. पण मग सूर कोण देणार?"

मी म्हटलं, "माझ्या फोनवर हवा तो सूर काढता येतो."

"माझ्या वाद्यवृंदात फोन बाहेर ठेवतात," बाई म्हणाल्या. "जे वाद्य खोलीत आहे आणि कंप पावतं आहे, त्याच्यावरूनच आम्ही सूर घेतो."

"मग फ्रिज आणू," नवरा म्हणाला.

मी समजावून पाहिलं की विजेवर घुमणारी कुठलीही वस्तू चालेल, जुनी ट्यूबलाइटसुद्धा. पण सभागृहात नुकतेच नवे दिवे लागले होते आणि ते मुके होते. डॉक्टरचा इंजेक्शनांचा फ्रिज इतका लहान की तो बोलतो ते फक्त त्यालाच ऐकू येतं. शेवटी आमचाच फ्रिज ठरला. तो जुना, थोराड आणि मोठ्या आवाजाचा आहे. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की जणू त्याच्या थोरल्या भावाला मंचावर बोलावलंय.

सभागृहाच्या कार्यालयात एक कारकून बसतो. त्याच्या पाठीमागे पाटी आहे: 'सभागृहात घरगुती उपकरणे आणू नयेत.'

"फ्रिज चालणार नाही," तो म्हणाला. "मागे एका लग्नाच्या पार्टीने इस्त्री आणली होती. पडदा जळला."

"आम्ही यात काही ठेवणार नाही," नवरा म्हणाला. "नुसता वाजवणार."

कारकुनाने मान वर केली. "वाजवणार म्हणजे वाद्य आहे का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही, पण हे खोटं नव्हतं. "त्याच्यावरून वाद्यवृंद सूर घेतो," मी म्हटलं.

"मग वाद्य म्हणून नोंद करा. वाद्याला मनाई नाही." त्याने एक कागद पुढे ओढला. "तारवाद्य, फुंकवाद्य की तालवाद्य?"

"मागे तारांची जाळी आहे," नवरा म्हणाला.

"आत वायूसुद्धा आहे," मी म्हटलं. माहिती अपुरी देणं मला जमत नाही.

"एकच काय ते सांगा. दोन्ही लिहिलं तर वरती दोन सह्या लागतात."

"फुंक."

"वादक कोण?"

"मी," नवरा म्हणाला.

"बसून की उभ्याने?"

"उभ्याने."

"विजेवर चालतं म्हणता, तर वीज विभागाची सही आणा." इथे नवऱ्याचा चेहरा पडला, कारण वीज विभागाच्या साहेबांची केबल पाणी खात्याने खोदकामात तोडली होती आणि ते दोघं तेव्हापासून एकमेकांना 'आपण' म्हणत होते. नवरा गेला. साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "आपण आता फ्रिज वाजवता का? छान. खोदण्यापेक्षा बरं." सही दिली.

फ्रिज हलवायचा म्हणजे रिकामा करायचा. दूध काकांकडे, भाज्या शेजारच्या घरी, बर्फ वाऱ्यावर. सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली मात्र थंडच ठेवावी लागते आणि ती दुसऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायला त्या तयार नव्हत्या.

"लोक दार उघडंच टाकतात," त्या म्हणाल्या. "माझी बाटली आपल्याच फ्रिजमध्ये राहील. मी तिच्याबरोबर येते."

"आई, तिथे ऑर्केस्ट्रा आहे."

"असू दे. मी मध्ये बोलणार नाही."

काका जिन्यात उभे राहून सूचना देत होते. "आडवा करू नका. गॅस डोक्यात जातो. आणि नेल्या नेल्या लावू नका, आधी त्याला निवांत उभा राहू द्या, नाहीतर मशीन बसेल." हा त्यांचा पहिला सल्ला होता जो शास्त्राला धरून होता, म्हणून मी तो पाळायला लावला. परिणाम असा झाला की फ्रिज मंचाच्या मध्यभागी उभा, वाद्यवृंद अर्धवर्तुळात वाद्यं मांडीवर घेऊन बसलेला, सासूबाई बर्फाच्या पिशवीत बाटली धरून फ्रिजशेजारच्या खुर्चीवर, आणि सगळे काहीच न करता वाट बघत आहेत. छताच्या कामासाठी सभागृह दुसऱ्या दिवसापासून बंद होणार होतं. एवढा एकच दिवस होता.

कारकून दारातून डोकावला. "सुरू का करत नाही?"

"फ्रिज विश्रांती घेतोय," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते इतकं गंभीर वाटलं की तो पाय न वाजवता निघून गेला.

अखेर भावाने प्लग लावला. फ्रिज एकदा अंग झटकून थरथरला आणि मग घुमू लागला. लाकडी मंचावर त्याचा आवाज घरच्यापेक्षा खोल वाटत होता. बाईंनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि व्हायोलिनवाल्यांना खूण केली. तारा वर सरकू लागल्या. औषधवाल्यांनी आखूड जिव्हाळीत जीव ओतला. कानात सगळीकडून एकच सूर जमा होऊ लागला, आणि अचानक फ्रिज थांबला. रिकामा होता, लगेच गार झाला.

"वादकाला सांगा," बाई म्हणाल्या, "मध्येच थांबायचं नाही."

नवऱ्याने दार उघडून धरलं. आतला दिवा त्याच्या अंगावर पडला. फ्रिज गरम हवेने घाबरून पुन्हा सुरू झाला आणि सुरूच राहिला. माझा नवरा एका हाताने दार धरून, डावा कान पत्र्याला लावून, डोळे मिटून मंचाच्या मध्यभागी उभा होता आणि त्याच्याभोवती अख्खा वाद्यवृंद त्याच्या सुरावर येत होता. या चेहऱ्याला मी इतकी वर्षं दमलेला चेहरा समजत होते.

सूर लागला. प्लग काढला. सासूबाईंनी बाटली आत ठेवून दार लावून घेतलं. भावाने टेप लावली. मी खुणेसाठी माइकसमोर गेले, बाईंनी हात उचलला, आणि या वेळी दात शिवशिवले नाहीत. गिटारखालून सेलो उठला, व्हायोलिनांनी त्याला वर नेलं, पाणी खरोखर जिना चढायला लागलं. 'हवा'वर मी थांबले तेव्हा वाद्यवृंद माझ्याबरोबर थांबला, आणि ओबो अगदी शेवटी, नळातून पहिला थेंब पडावा तसा आला. सासूबाई म्हणाल्या, "आलं बाई!" आणि तोंडावर हात ठेवला.

"आता ध्वनिमुद्रण," बाई म्हणाल्या. "तुमचे गायक कुठे आहेत?"

डॉक्टर आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागला.

"मीच," नवरा म्हणाला. "पण आवाज नंतर घालणार आहोत. दवाखान्यात."

"नंतर?" बाईंनी हातातली काठी खाली ठेवली. "माझी माणसं आवाजाबरोबर श्वास घेतात. आवाजाच्या रिकाम्या जागेबरोबर कसा घेतील? इथे उभे राहा आणि गा."

तो उभा राहिला. मी बाजूला झाले. त्याने सदरा खाली ओढला, जसा तो वरिष्ठांसमोर जाताना ओढतो. खालच्या ओळी त्याने फार छान म्हटल्या. सेलोवाल्या कारकुनाने मान डोलावली. मग 'नळ उघडा ठेवलाय मी' आलं, तो वर निघाला, आणि 'हवा'शी थोडक्यात राहिला. तिथेच, नेहमीच्याच अंतरावर, डोळे मिटून, मनापासून उभा राहिला.

वाद्यवृंद विस्कटत थांबला. मग जे झालं ते मला सहन झालं नाही. समोरच्या व्हायोलिनवालीने आपली तार तपासली. तिच्या शेजारणीनेही. औषधवाल्यांनी जिव्हाळी काढून उजेडात धरली आणि "थोडी जास्तच कापली गेली का?" असं स्वतःशी म्हटलं. चूक आपलीच असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं, कारण गाणं त्याचं होतं.

"सगळ्यांनी पुन्हा लावून घ्या," बाई म्हणाल्या, पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

खुंट्या फिरू लागल्या. बरोबर असलेल्या तारा खाली उतरू लागल्या.

"थांबा," मी म्हटलं. माझा आवाज माइकशिवायही मोठा आला. खुंट्या थांबल्या.

नवरा माझ्याकडे वळला. "किती?"

"काय किती?"

"तुला माहितीये काय. किती राहतो मी?"

डॉक्टर म्हणाला, "अरे, तसं काही फार—"

"तू गप रे. तू 'वा' म्हणतोस. मी हिला विचारतोय."

"खालच्या सुरांत नाही राहत," मी म्हटलं. "खाली तू सगळ्यांत चांगला आहेस. वरच्या सुरांत कमी पडतोस. ऐकू येईल इतका."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याने मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते. माइकच्या दांड्यावरची धूळ त्याने बोटाने पुसली, मग ते बोट सदऱ्याला पुसलं. "मला वाटायचं की आतून तसं वाटतं," तो म्हणाला. "बाहेरून बरोबर येत असेल." मग थोडा थांबून, "घरी रियाज करतेस ते. बाथरूममध्ये. ते खुणेसाठी नसतं ना?"

"नसतं."

"मग बोलत का नाहीस?"

"गाणी तुझी आहेत."

"गाणी माझी आहेत म्हणूनच विचारतोय. आज दिवसभर एवढी माणसं चढली माझ्यासाठी. आता त्यांना उतरवायचं का मी?" तो माइकपासून एक पाऊल मागे झाला. "सांग. मी नाही सांगणार. मला जमणार नाही. तू सांग."

बाईंनी काठी उचलली आणि हवेत धरून ठेवली. भावाचा हात टेपच्या बटणावर होता. सासूबाई खुर्चीतून कुजबुजल्या, "बोल ना गं, बटण दाबायचंय त्याला."

मी माइकसमोर गेले. तो माझ्यासाठी थोडा खाली करावा लागतो. नवऱ्यानेच तो केला आणि स्क्रू घट्ट आवळला.

"मी गाणार," मी म्हटलं.